डस्ट कलेक्टर निवडताना

आमची ही, म्हणजे माझी बायको, सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. शेवटची बरीच वर्षं चौकशीच्या लाइनवर. अर्ध्या गावाने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण दुकानात तिने नुसतं "अर्धा किलो द्या" म्हटलं तरी पुढचा माणूस वळून बघायचा. "बाई, तुम्ही चौकशीवाल्या ना?" असा आवाज. नंबर एका दमात सांगायची आणि पलीकडच्याने लिहून घेतला की नाही, तेही ओळखायची. मला म्हणायची, "तुमच्या हुंकारावरून कळतं, तुम्ही ऐकत नाही आहात." आणि मी खरंच ऐकत नसायचो.

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक. मला लांबून पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. निवृत्त झालो आणि घरामागच्या गॅरेजमध्ये सुतारकाम मांडलं. गाडी बाहेर उन्हात आणि आत गोल करवत, रंध्याचं मशीन, पॉलिशपेपरचं मशीन. खुर्च्या केल्या, पेट्या केल्या, स्टुलं तर इतकी केली की मेहुणीने फोनवरच बजावलं, "भाऊजी, या जरूर, पण हात हलवत या."

माझे नियम कडक. मशीन चालू असताना कुणी आत यायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे, तोंडावर दोन गाळण्यांचा मास्क. बरोबर पाच वाजता मशीन बंद, मास्क खुंटीला आणि मी चहाला. मग ही झाडू घेऊन आत जायची. मी झाडलं की कोपरे राहतात असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. अर्धा तास झाडायची, भुसा पोत्यात भरायची, फळ्या झटकायची आणि माझ्या कामावर ताशेरे मारत बाहेर यायची. "स्टूल छान झालंय. एक पाय मात्र आपल्याच मनाचा दिसतोय." अशी अकरा वर्षं गेली. मास्क खुंटीलाच. मशीन बंद झालं की धूळ संपली असं मी धरून चाललो होतो, आणि मी काही अडाणी माणूस नव्हे.

खोकला आधी फक्त सकाळचा होता. मग तो बोलताना यायला लागला. बहिणीशी फोनवर बोलता बोलता ही मध्येच "थांब हं" म्हणायची आणि रिसीव्हर बाजूला धरायची. शेवटी तिला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. तिसऱ्यांदा फुंकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धुळीत काम असतं का यांचं? कारखाना वगैरे?"

उत्तर मीच दिलं. "छे हो! टेलिफोनमध्ये होती, आता घरीच असते. लाकडाची धूळ आहे, पण ती माझ्या वर्कशॉपमध्ये. हिचा तिथे काही संबंध नाही."

हिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत बसली.

त्याच दिवशी पाच वाजता ती झाडू घेऊन मागे गेली आणि माझ्या हातातला कप हातातच राहिला. अरे, मी काय सांगून आलो! तसंच उठून तिच्या हातातला झाडू काढून घ्यायला हवा होता. डॉक्टरीणबाईंना फोन करायला हवा होता. "मी चुकीचं सांगितलं" एवढे तीन शब्द, पण ते जिवावर आले. दुसऱ्याच्या काट्यातला फरक भर बाजारात मोठ्याने वाचून दाखवणारा मी! मनात म्हटलं, धूळच नाहीशी करू. झकास डस्ट कलेक्टर बसवू, म्हणजे कुणाला काही सांगायलाच नको.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

डस्ट कलेक्टर म्हणजे एक दांडगा व्हॅक्यूम. पंखा धूळ ओढतो आणि पिशवीत टाकतो. पण पिशवी कापडी असली तर ढलप्या आत राहतात आणि बारीक धूळ कापडातून परत खोलीत येते. त्याऐवजी सायक्लोन म्हणून एक मोठं नरसाळं मिळतं. त्यात भुसा गरगर फिरून खाली ड्रममध्ये पडतो, आणि बारीक धुळीला अडवायला मागे घड्यांचा फिल्टर. मग पाइप चार इंची की सहा इंची? भिंतीवरून कायमचा न्यायचा, की एकेका मशीनला काढून लावायचा? मी तक्ता केला. अठरा मशीनं, बावीस रकाने. हवा किती ओढतं, आवाज किती, फिल्टर किती बारीक. माझा एक मित्र प्रयोगशाळेत होता. धुळीच्या कणाचं माप घेतल्याशिवाय बोलत नाही, म्हणून त्याला आम्ही मायक्रॉनच म्हणतो. तो रोज येऊन शब्दाचा कीस काढायचा. "वळणं कमी कर रे, प्रत्येक वळणाला ओढ मरते." मी पाइपचा नकाशा सात वेळा काढला.

दुकानदाराने मूठभर ढलप्या जमिनीवर टाकून गपकन ओढून दाखवल्या. मी म्हटलं, "ढलप्या कोणीही ओढेल हो, बारीक धुळीचं बोला." तो म्हणाला, "साहेब, मग थोडं थांबा, पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय." झालं! थांबलो. नवं आलं तर त्याचा फिल्टर पसंत पडेना. खरं सांगतो, मला मजा येत होती. ती मजा आठवली की आज मेल्याहून मेल्यासारखं होतं. आठ महिने मी तिच्यासाठी सर्वांत उत्तम मशीन शोधत होतो आणि आठ महिने रोज पाच वाजता ती झाडत होती. एकदा म्हटलंही मी, "राहू दे आजच्या दिवस."

"का? उद्या काय आपोआप जाणार आहे?" असं म्हणून ती खोकत खोकत आत गेली. मी पुन्हा तक्त्यात डोकं घातलं.

एके दिवशी मायक्रॉन धूळ मोजायचं यंत्र घेऊन आला. साबणाच्या डबीएवढं. "आधी किती आहे ते तरी बघ. नंतर फरक कळेल." ते फळीवर ठेवलं. करवत चालू असताना आकडा साडेतीनशेच्या घरात. मशीन बंद केलं, मास्क काढला आणि आकडा हळूहळू उतरायला लागला. मी म्हटलं, "बघ, बसतेय धूळ." तेवढ्यात ही आत आली आणि तिने झाडायला सुरुवात केली. पाचशे. सातशे. हवेत डोळ्यांना काहीसुद्धा दिसत नव्हतं. तिने पोतं दाबून तोंड बांधलं तेव्हा आकडा हजाराच्या वर गेला. मायक्रॉनसारखा बडबड्या माणूस, पण "वहिनी, बाहेर या," एवढंच म्हणाला. मी त्या डबीकडे बघत उभा राहिलो. माझ्या मास्कच्या वेळेला साडेतीनशे आणि तिच्या उघड्या तोंडाला हजार.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर हजर. सायक्लोन आणि बारीक फिल्टरवालं जे मशीन पहिल्या आठवड्यापासून माझ्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत होतं, तेच घेतलं. सहा इंची पाइप, दोन वळणं. दोन दिवसांत बसलं. करवत चालू असतानाही आकडा तिशीच्या वर जाईना. हिला हाक मारली, "ये, बघ तरी!" ती दारातच थांबली. "छान आहे," म्हणाली. "भुसा आता तुम्हीच काढा पण." मी मान डोलावली. आता सगळं ठीक होईल, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं.

पुढच्या तपासणीला तिने पुन्हा नळीत फुंकलं. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. "हे फारच घसरलंय. धुळीशी संबंध नाही म्हणाला होतात ना?"

या वेळी खरं सांगितलं. गॅरेज सांगितलं, पाच वाजताचं झाडणं सांगितलं, अकरा वर्षं सांगितली, वरचे आठ महिनेही सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हिला विचारलं, "सुकंच झाडत होता? पाणी मारून, ओल्या फडक्याने का नाही पुसलंत?"

"सवय," ही म्हणाली.

हे मी इथवर सांगितलं नाही, मुद्दामच टाळत आलो. पहिल्याच वर्षी ती बादली आणि फडकं घेऊन आत गेली होती, आणि मी अंगावर ओरडलो होतो. करवतीचं टेबल बिडाचं असतं, ओल लागली की गंज धरतं. "पाण्याचा थेंब आत आणायचा नाही!" म्हणालो होतो. तिने बादली उचलली ती पुन्हा कधी आणली नाही. गंज लागू नये म्हणून त्या टेबलाला मी मेण चोळायचो, आठवड्यातून दोनदा.

"सवय नाही," मी म्हटलं. "मी पाणी नको म्हणालो होतो. माझं मशीन गंजेल म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "गेलंय ते काही परत यायचं नाही," त्या म्हणाल्या. "उरलंय ते सांभाळू. मागच्या वेळीच कळलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं."

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरतानासुद्धा हिला दम लागला आणि मधल्या वळणावर ती कठडा धरून थांबली. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"ऐक. मी त्या दिवशी डॉक्टरांशी खोटं बोललो. तुझ्यासमोर. मला माफ कर."

तिने दम खाल्ला. मला वाटलं, रडेल. पण आवाज अगदी साधा होता.

"खोटं नव्हतात बोलला. खोटं बोलायला आधी खरं आठवावं लागतं. मी रोज तिथे जाते, हे तुम्हाला त्या वेळी आठवलंच नव्हतं. मी बघत होते ना तुमच्या तोंडाकडे."

मी आठ महिने स्वतःला खोटारडा म्हणत होतो, आणि त्यातही मी स्वतःला झुकतं माप दिलं होतं.