घोरपड आणि तिसरा बेस

प्रिय नील आणि रेवा,

परवा व्हिडिओ कॉलवर नील हसत हसत सांगत होता, की रेवा दुसरा बेस चोरायला गेली, अर्ध्या वाटेत पाय अडखळून पडली आणि सगळ्यांच्या आई-बाबांसमोर आऊट होऊन परत आली. रेवा मागे सोफ्यावर पालथी पडली होती. "मी आता परत कधीच पळणार नाही," असं तिने उशीत तोंड खुपसूनच जाहीर केलं. मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून आज कामं आवरून टेबलाशी बसले आहे. बाबांना हे मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. त्यांनाही यातलं काही ठाऊक नाही. त्यांची आई म्हणजे जन्मभर इंग्रजी शिकवणारी बाई, एवढंच ते जाणतात. तीही एके काळी चामड्याचा हातमोजा घालून मैदानात उभी होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

मला सांगायचं आहे ते घोरपडीबद्दल. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त वर्गशिक्षिका घेत. ती धावत बेसजवळ आली, की अलीकडेच अंग झोकून द्यायची, मुरमावरून पोटावर घसरत जायची आणि दोन्ही हातांनी बेस असा कवटाळायची, की डाव संपल्यावरही तिला "अगं, सोड आता" असं सांगावं लागे. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमचे पीटीचे सर शिट्टी वाजवायची विसरले आणि म्हणाले, "ही पोरगी आहे का घोरपड?" तिला ते नाव इतकं आवडलं, की मामांच्या घरी जाऊन तिने मामींनाही सांगितलं.

आमचा खेळ म्हणजे तुमच्या बेसबॉलची धाकटी बहीण, सॉफ्टबॉल. चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान, पळापळ तीच. नांदेडच्या आमच्या मुलींच्या शाळेत हा खेळ सरांनी आणला. ते कुठल्याशा शिबिराला गेले होते. येताना एक बॅट, थोडे हातमोजे आणि नियमांचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. माझं आधीचं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालं होतं. वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही नांदेडला आलो होतो. ते पुस्तक वाचू शकणारी मी एकटीच, म्हणून मला खेळता येतं का हे न विचारताच सरांनी मला संघात घेऊन टाकलं.

येत नव्हतंच. पहिल्याच सामन्यात कसा कोण जाणे, माझ्या बॅटला चेंडू लागला आणि लांब गेला. सगळ्या मुली "पळ, पळ" म्हणून ओरडायला लागल्या. पण वापरलेली वस्तू आधी जागेवर ठेवायची ही आमच्या घरची शिस्त. मी बॅट भिंतीपाशी नेली, उभी केली, ती घसरायला लागली म्हणून पुन्हा नीट टेकवली आणि मग पहिल्या बेसकडे निघाले. तोवर चेंडू तिथे माझ्या आधी पोचून बसला होता. प्रेक्षकांत माझे वडील होते, आणि त्यांच्या कचेरीतले दोघे साहेबही होते. त्या सगळ्यांच्या समोरून परत येताना मैदान किती लांब असतं, ते मला माहीत आहे, रेवा. म्हणूनच तुझ्या बाबांना मी हे कधी सांगितलं नाही.

घोरपड माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "बाई, तू बॅटा आवरत जा. पळायचं मी बघते." सरांनाही ही वाटणी पटली. त्या दिवसापासून मी तिसऱ्या बेसच्या बाजूला पुस्तक घेऊन उभी राहायची आणि धावणाऱ्या मुलींना थांब की ये, ते ओरडून सांगायची.

घोरपड देगलूरकडच्या एका खेड्यातली. नांदेडला मामांच्या घरी शिकायला राहिलेली. मामांचं स्टेशनजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिच्या गावाकडे बोलण्यात तेलुगू, कानडी सगळं मिसळलेलं. त्यामुळे ती दिसेल त्या मुलीला 'अक्का' म्हणायची, मग ती हिच्याहून लहान का असेना. समोरच्या संघातल्या मुलींनाही तेच. बेसवर उभ्या असलेल्या मुलीला ती लांबूनच बजावायची, "अक्का, जरा सरकून ऱ्हा. मी येऊन राहिले, लागंल तुला." आपण पळणार हे आधी सांगून पळणारी खेळाडू मी तिच्याशिवाय दुसरी पाहिली नाही. गंमत म्हणजे मुली खरंच सरकायच्या.

गावात ती पोरांबरोबर कबड्डी खेळून वाढली होती. त्यामुळे एक बेस सोडला की दुसरा गाठेपर्यंत दम तोडायचा नाही, अशी तिची पक्की समजूत होती. पहिल्यांदा बेस चोरला तेव्हा ती "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणतच सुटली. चेंडू ज्या मुलीच्या हातात होता ती तो फेकायचा सोडून ऐकतच राहिली. पंचांनी खेळ थांबवला आणि मला बोलावून विचारलं, पुस्तकात याबद्दल काय आहे? मी पानं चाळली. पळताना तोंडाने काय म्हणावं आणि काय म्हणू नये, यावर पुस्तकात काहीच नव्हतं. तिला सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. ती सवय नंतर सरांनी मोडली, पण मोडायला बरेच दिवस लागले.

'बेस चोरणे', म्हणजे चेंडू टोलवलेला नसतानाच पुढच्या बेसकडे सुटणे, हे माझंच भाषांतर. ते तिला अजिबात पटलं नाही. "चोरी कशी? समद्यांच्या म्होरं पळून राहिले की मी." मी म्हटलं, पुस्तकात तसंच आहे. ती म्हणाली, "मग पुस्तक लिवणाऱ्याला चोरी ठावं न्हाई."

आमचे बेस म्हणजे वाळू भरून शिवलेली गोणपाटं. एकदा ती इतक्या जोरात घसरत आली, की बेस जमिनीवरून सुटला आणि तो कवटाळलेल्या अवस्थेत ही पुढे पार चुन्याच्या रेघेबाहेर गेली. समोरच्या मुलीने येऊन तिला चेंडू लावला. "आऊट!" "आऊट कशी?" घोरपड बेस छातीशी धरून उठून बसली. "मी बेस सोडलाच न्हाई. त्योच माझ्यासंगं आला." पुस्तकाप्रमाणे तिचं बरोबर होतं; बेसला हात लागलेला असेपर्यंत चेंडू लावला तरी बाद नाही, हात सुटला की बाद. पंचांनी तिला बेस परत जागेवर ठेवायला लावला. तो तिने एखाद्या तान्ह्या बाळासारखा आणून ठेवला.

मी एकदा तिला विचारलं होतं, तुला भीती कशी वाटत नाही? ती म्हणाली, "वाटती की. पर पळायचं ठरलं की मागं बघायचं न्हाई. मागं बघितलं की पाय इचारतेत, खरंच जायचं का?"

मामांना मात्र हे काही पसंत नव्हतं. दहावी झाली की तिला गावाकडे पाठवायचं, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. सर त्यांना समजवायला दुकानावर गेले, तेव्हा नियम सांगायला म्हणून मीही बरोबर होते. मामा पंक्चर काढता काढता म्हणाले, "सर, पोरीचे गुडघे बघितलेत का तुम्ही? उद्या पाव्हणे आले तर काय दावू?" सरांनी खूप समजावलं. शेवटी मामांनी एक अट घातली. मराठवाड्याच्या संघात तिची निवड झाली तर अकरावीला ठेवून घेईन, नाही तर नाही. निवडीचे लोक लातूरला येणार होते, आमचा आणि लातूरच्या शाळेचा सामना बघायला. म्हणजे तिच्या पुढच्या शिक्षणाचा निकाल त्या एका सामन्यावर येऊन ठेपला. घोरपड त्यावर एवढंच म्हणाली, "लई पळावं लागंल."

मुलींबरोबर कुणी मोठं माणूस हवं म्हणून मामाच आमच्याबरोबर एसटीने लातूरला आले. सुरुवातीला ते मैदानाकडे पाठ करून बिडी ओढत बसले होते. थोड्या वेळाने ते वळून बसले. मग उभे राहिले. शेवटच्या डावात मी पाहिलं तेव्हा ते चुन्याच्या रेघेवर, जवळजवळ माझ्याच शेजारी येऊन उभे होते आणि पंचांनी दोनदा सांगूनही मागे हटत नव्हते.

आम्ही एका धावेने मागे होतो. दोघी बाद झालेल्या. घोरपड दुसऱ्या बेसवर. तिने माझ्याकडे बघितलं. मी "थांब" असा हात केला. तिने मान हलवली आणि पळाली.

ती झोकून देऊन घसरत आली तेव्हा धुळीत काही दिसेना. धूळ बसली तर तिचे दोन्ही हात बेसवर, आणि चेंडू त्याच क्षणी लातूरच्या मुलीच्या हातमोज्यात पडत होता. पंचांनी दोन्ही हात पसरले. सेफ! मी उडीच मारली. मामांनी कुणाच्या तरी पाठीत धपाटा घातला.

पण घसरताना शेवटी तिचं अंग फिरलं होतं, आणि तिचा पाय त्या मुलीच्या पायाला लागला होता. तुम्हाला आम्ही शिकवलं आहे ना, कुणाला पाय लागला तर काय करायचं? घोरपडीला ते सांगावं लागत नसे. ती गुडघ्यांवर उठली, "चुकलं अक्का" म्हणाली, बेसवरचे दोन्ही हात उचलून त्या मुलीच्या पायांना लावले आणि आपल्या कपाळाला लावले. आणि लातूरची ती मुलगीही चांगल्या घरची. ती लगेच "अगं राहू दे, राहू दे" म्हणत खाली वाकली आणि तिने घोरपडीच्या खांद्याला हात लावून तो स्वतःच्या छातीशी नेला. त्या हातात हातमोजा होता आणि हातमोज्यात चेंडू होता.

पंचांनी डोळे मिटले, उघडले आणि अंगठा वर केला. आऊट. तिसरी बाद, म्हणजे सामना लातूरचा.

सर धावत आले. "अहो, तो नमस्कार होता!"

"मान्य आहे सर," पंच म्हणाले. "पण नमस्कारात चेंडू होता."

सरांनी मला पुस्तक बघायला लावलं. चेंडू पंचाला लागला तर काय, कुंपणाबाहेर गेला तर काय, सगळ्याचा विचार त्या लोकांनी केला होता. पाय लागला आणि नमस्कार केला तर काय, यावर एक ओळही नव्हती. लातूरची मुलगी रडायलाच लागली, "मी मुद्दाम नाही केलं हो, माझा हात आपोआप गेला." तिची समजूत घोरपडच काढत होती. "असू दे अक्का. माझाबी हात आपोआपच गेला की."

निवड लातूरच्या मुलीची झाली. ती चांगली खेळली होती.

परतीच्या गाडीत मामा पुढच्या बाकावर ताठ बसले होते. घोरपड खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिचे डोळे भरून आलेले मी तेवढे एकदाच पाहिले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मामा खाली उतरले आणि भज्यांचा पुडा घेऊन आमच्या खिडकीखाली आले. पुडा त्यांनी आत दिला आणि एकदम सुरू झाले.

"नमस्कार काय पळून चालला होता का गं?"

"मामा, पाय लागला व्हता तिला."

"लागू दे की! आधी बेस, मग नमस्कार! एक हात ठेवायचा बेसवर, दुसऱ्यानं करायचा. देवानं दोन हात कशाला दिलेत?"

सर आतूनच चाचरत म्हणाले, "मामा, मग आता तिला गावाकडे..."

"गावाकडं?" मामा सरांवरच उखडले. "लातूरला हरवल्याबिगर कशी जाईल गावाकडं? पुढच्या साली बघतो ना मी, कसे जिंकतेत ते!"

घोरपडीने एक भजं तोंडात टाकलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. नांदेड येईपर्यंत मामा कंडक्टरला सामना समजावून सांगत होते.

पुढच्या वर्षीही लातूरच जिंकलं. मामांनी मुदत वाढवली. अशा मुदती वाढत वाढत घोरपड बारावी झाली, मग पदवीधर, मग पीटीची शिक्षिका. शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत तिला नोकरी लागली आणि ती तिथेच राहिली. लग्न झालं. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनी गुडघ्यांचं काय विचारलं, ते काही मला कळलं नाही. तिने शाळेत मुलींचा संघ केला. बेस पुन्हा गोणपाटाचेच, पण या वेळी खिळे ठोकून पक्के केलेले.

ती निवृत्त झाल्यावर मी एकदा तिच्याकडे राहायला गेले होते. संध्याकाळी ती मला मैदानावर घेऊन गेली. गुडघे आता दुखायचे, म्हणून ती हातात काठी घेऊन रेघेवर खुर्ची टाकून बसली. नवी बाई शिकवत होती, पण मुली हिच्याकडेच बघत होत्या. एक पोर अर्ध्या वाटेत थबकली, मागे बघितलं आणि बाद झाली. खाली मान घालून ती आमच्या समोरून जायला लागली तशी घोरपडीने काठी आडवी धरून तिला थांबवलं. मला वाटलं आता समजावेल. ती म्हणाली, "आता जाऊन पाणी पी. आन् मग परत पळ." बस्स, इतकंच. ती पोर पाणी प्यायला गेली.

मागच्या वर्षी घोरपड गेली. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. फोन ठेवला आणि भाजी पूर्ण निवडली. मग रडले.

दिवसकार्याला गेले तेव्हा परत येताना गाडी तिच्या शाळेवरून जाणार होती. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि फाटकाशी उभी राहून बघितलं. मैदान तिथेच आहे. मुली खेळतात, पोटावर घसरत येतात, आणि समोरच्या मुलीला पाय लागला तर एक हात बेसवर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने नमस्कार करतात.

तुमची आज्जी