नितीनच्या गोलकीपरला मी दिलेले तीन स्टार

नितीनला मी तीन स्टार दिले होते. तो गेला, त्याला आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नितीन माझा कॉलेजपासूनचा मित्र. आयटीतली नोकरी सोडून कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बसून त्याने एकट्याने मोबाइलवरचा एक फुटबॉल गेम बनवला. नाव 'ठोक गोल'.

प्रत्येक बाजूला तीन खेळाडू, मोठी डोकी, छोटे पाय. दोन मिनिटांची मॅच. कात्रजच्या बसमध्ये सीट मिळेपर्यंत एक मॅच संपावी, एवढीच अपेक्षा.

गेम फार चालला नाही. पण लोकांनी मतं मात्र भरपूर दिली.

नितीन प्रत्येक मताला उत्तर द्यायचा.

'ऑफसाइड का नाही?' असं एकाने विचारलं. नितीनचं उत्तर : 'अहो, तिघांत ऑफसाइड कुठून आणू?'

'हा फुटबॉलच नाही.' उत्तर : 'बरोबर.'

एका वडिलांनी लिहिलं, 'गेम छान आहे, पण मुलगा अभ्यास करत नाही. एक स्टार.' नितीनने पंधरा दिवस खपून परीक्षेच्या काळात गेम बंद ठेवायची सोय केली. वडील परत आले आणि त्यांनी दोन स्टार केले.

"बघ, शंभर टक्के वाढ," तो मला म्हणाला.

लोणी काळभोरच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'रेंज नसली तरी चालतंय, लई भारी हाय.' ते त्याने मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.

आणि मग माझं मत.

मी अर्धं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलंय. मित्राचं कौतुक छापायचं नाही, आणि न बघता मत द्यायचं नाही, हे दोन नियम अंगात मुरलेले. म्हणून मी आठवडाभर खेळलो आणि स्वतःच्या नावाने लिहिलं : 'खेळ सुबक. गोलकीपर मात्र निष्प्रभ. सुधारणेस वाव.'

तीन स्टार.

संध्याकाळी त्याचा फोन.

"वाव म्हणजे किती? सेंटिमीटरमध्ये सांग."

"अरे, पाच दिले असते तर लोकांना खोटं वाटलं असतं."

"लोकांचं राहू दे. तुला कसा वाटला?"

"सांगितलं ना. गोलकीपर सुधार, मग बदलतो."

"लेखी दे," म्हणाला आणि हसून फोन ठेवला.

त्यानंतर तो आजारी पडला. आधी पोटदुखी, मग तपासण्या, मग जे नाव घरात कुणी मोठ्याने घेत नाही ते.

केमोच्या मधल्या दिवसांत तो माझा गोलकीपर सुधारत होता. हे मला माधुरीवहिनींनी नंतर सांगितलं. डॉक्टर राउंडला आले की लॅपटॉप उशीखाली जायचा.

"मी म्हणायचे, अहो, खेळतंय कोण आता?" वहिनी म्हणाल्या. "तर म्हणायचे, एकजण अजून तीनवर अडलाय."

अपडेट आल्याचा त्याचा मेसेज मला आला होता.

गणपतीचे दिवस होते. रिपोर्टरांचे फोटो माझ्या फोनवर येत होते, स्टोरेज भरलं होतं. जागा करायला मी जी तीन-चार अ‍ॅप काढून टाकली, त्यात 'ठोक गोल' होता. म्हटलं, विसर्जन झालं की परत घेऊ.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. गेम घेतलेला नव्हता.

तो उशीला टेकून बसला होता. हाताला सलाइन.

"खेळलास का नवीन?"

मी म्हटलं, "हो. छान झालाय."

का म्हटलं, माहीत नाही. त्याचा चेहरा बघून 'नाही' म्हणता आलं नाही.

"गोलकीपर उडी कुठल्या बाजूला मारतो, पाहिलंस?"

"उजवीकडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बरं," म्हणाला. मग वहिनींना म्हणाला, "याला चहा दे."

रेटिंगचा विषय त्याने परत काढला नाही. मीही नाही. आठवड्याने तो गेला.

गेल्या रविवारी वहिनींनी त्याची वही दाखवली. प्रत्येक अपडेटची सूचना तो आधी हाताने लिहायचा. शेवटच्या पानावर आहे :

'गोलकीपर आता उडी मारत नाही. पुढे धावत येतो. संबंधितांनी खेळून पाहावे.'

संबंधित मीच.

तिथेच बसून मी फोन काढला. स्टोअरवर गेमचं पानच नाही. स्टोअरकडून त्याच्या अकाउंटवर आलेल्या नोटिसांना उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून गेम काढून टाकला गेला. त्याच्याबरोबर लोकांची मतं गेली, त्याची उत्तरं गेली. लोणी काळभोरही गेलं.

आमच्या माहितीत नवा गेम आता एकाच ठिकाणी आहे, नितीनच्या फोनमध्ये. फोनला पॅटर्न लॉक आहे. लॅपटॉप हॉस्पिटलमध्येच बंद पडला होता, तो सुरू झाला नाही.

"दुकानदार म्हणतो, रीसेट केला की उघडेल," वहिनी म्हणाल्या. "पण मग आत काय राहील, भाऊजी? म्हणून नुसता चार्ज करून ठेवते."

निघताना म्हणाल्या, "वर्षाच्या दिवशी तुम्ही काही लिहाल, त्यात तरी लिहा ना, पाच स्टार म्हणून. त्यांना बरं वाटेल."

सकाळपासून तेच लिहायला बसलोय. जमत नाही.

मी तो नवा गेम खेळलेलो नाही. न खेळता मत द्यायचं नाही, हा माझाच नियम. तो मी एकदाच मोडला, आणि ज्याच्यासमोर मोडला त्याला ते लगेच कळलं.

तेव्हा तीनच राहतील, नितीन.

तुला निरोप. आणि पुढे धावत येणाऱ्या तुझ्या गोलकीपरलाही. मी त्याला पाहिलेलं नाही.