काढून पुन्हा लावलेली टिक

हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. आई गेली, तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला वाटतं की माझं त्याच्यापासून काही लपलेलं नाही — वाटू दे. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्यासाठीच, की तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला, रंजूला, ओळखत नाही आणि मलाही नाही. आणि मला स्वतःचा इतका संताप आला आहे की आता गप्प बसवत नाही.

मी नागभीडला कॉम्प्युटर क्लास चालवते. दर बॅचला एखादी पोरगी विचारतेच, "मॅडम, मी तं ब्राउझरची निस्ती सफाई केली, मंग सगळ्या साइटवरून बाहेर कशी फेकली गेली?" आणि मी समजावते. फार छान समजावते. नाटकाचंच उदाहरण देते, कारण आमच्या झाडीपट्टीत मंडपातलं नाटक न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. तिकीट दाखवून तुम्ही आत जाता. मध्येच चहाला बाहेर यायचं झालं, तर गेटवरचा माणूस हातावर शिक्का मारतो. परत येताना हात दाखवायचा, की झालं. साइटही तेच करते. तुम्ही एकदा पासवर्ड टाकलात की तुमच्या ब्राउझरजवळ ती एक खूण ठेवून देते, तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ब्राउझर ती खूण दाखवतो आणि साइट तुम्हाला ओळखते. सफाईत कुकीज गेल्या म्हणजे शिक्का पुसला गेला. तुमचं खातं कुठे जात नाही, तिकडे जसंच्या तसं असतं. फक्त गेटवरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, पुन्हा तिकीट मागतो. आणि तिकीट म्हणजे पासवर्ड.

पोरी माना डोलावतात. हे उदाहरण मी पहिल्यांदा कुणाला दिलं होतं, त्यांना काय माहीत?

रंजूला दिलं होतं. तिच्या तोंडावर दिलं होतं, शांतपणे, शहाण्या थोरल्या बहिणीसारखं.

रंजू गायची. गावच्या नाटकात पदं म्हणायची, आणि ती उभी राहिली की मागच्या रांगेतली माणसं बिड्या विझवायची. मला गाता येत नाही. मी अभ्यासातली. बाबांनी लॅपटॉप घेतला तो माझ्या शिक्षणासाठी, पण त्यावर रंजूला खातं मी उघडून दिलं, तिची गाणी चढवायला मी शिकवलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे याचा संबंध आहे. मी वाईटच होते असं नाही. तसं असतं तर सोपं गेलं असतं.

गाणी लोकांनी ऐकली. वडसा-देसाईगंजच्या एका नाटक कंपनीनंही ऐकली. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, त्याआधी एकदा येऊन गाऊन दाखव, दिवस आम्ही कळवतो, असा त्यांचा मेल त्याच खात्यावर आला. रंजूनं तो फक्त मला दाखवला. "बाई, मले बोलावून राह्यले," म्हणाली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तिचा मोबाईल धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या, म्हणजे भातशेतातल्या, चिखलात पडून गेला होता, सिमही गेलं होतं. म्हणून रोज शेतावरून आली की हातपाय धुऊन लॅपटॉप उघडायची, दिवस कळवला का ते पाहायची. तिचं खातं तेवढ्या एका ठिकाणी उघडं होतं. मला माहीत होतं.

त्याच दिवसांत चिमूरकडची माणसं मला पाहायला आली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर मुलाच्या मामानं खिशातून मोबाईल काढला, रंजूचं गाणं लावलं, आवाज मोठा केला. "हे तुमचीच पोरगी होय न?" सगळे हसले. बाबा खाली पाहत राहिले. जाताना तो मामा फाटकाशी मध्यस्थाला म्हणाला, "नाटकवालीच्या घरची सून आमाले नाई पाह्यजे." मला ऐकू जाईल असंच म्हणाला. आणि मी काय केलं होतं? तो गाणं लावून हसत होता तेव्हा त्याला दुसरा कप विचारला होता. अदबीनं. पदर सावरून.

राग यायचा तो त्या माणसावर यायला हवा होता. बाबांवर यायला हवा होता. मला आला रंजूवर. इतका, की कानशिलं तापली. ती तेव्हा समाजमंदिरात तालमीला गेली होती. मी लॅपटॉप उघडला.

घरात सांगितलं ते असं — लॅपटॉप फार हळू चालत होता, म्हणून साफ केला, त्यात रंजूचं खातं बंद पडलं, माझ्या लक्षात राहिलं नाही. सगळ्यांनी मान्य केलं. का नाही करणार? घरात कॉम्प्युटर कळणारी मी एकटी. बाबा तर म्हणाले, "जाऊ दे, अभ्यासाचं यंत्र हाय ते."

खरं काय ते ऐका. सफाईचा चौकोन उघडतो ना, त्यात ओळी असतात. पाहिलेल्या पानांची यादी एका ओळीत, कुकीज दुसऱ्या ओळीत. बऱ्याचदा दोन्हींपुढे टिक आधीच लावलेली असते, आणि माणसं न वाचता बटण दाबतात. मी वाचते. कुकीजपुढची टिक आधी काढायची ही माझी जुनी सवय. त्या संध्याकाळीही हातानं ती काढली. मामाचं हसणं कानात होतं. आणि मी टिक परत लावली. बटण दाबलं.

याला चूक म्हणायचं का? तुम्हीच ठरवा, मला ऐकायचं नाही.

रंजू परत आली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "बाई, माहं खातं खुलत नाई. पासवर्ड मांगून राह्यलं." मग मी तिला ते नाटकाचं उदाहरण दिलं. शिक्का, गेट, तिकीट. तिच्याच मंडपाची गोष्ट तिलाच. शब्द न् शब्द खरा होता, आणि त्या खऱ्याच्या आड मी साळसूदपणे उभी होते. तिनं नीट ऐकून घेतलं. ‘पासवर्ड विसरला’ हे बटण दाबलं, तर साइट म्हणाली, जुन्या नंबरावर आकडा पाठवते; आणि तो नंबर चिखलात. त्याच नंबराचं नवं सिम मिळेना, कारण जुनं दुकानदारानं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर दिलं होतं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तूच तं टाकला होता पासवर्ड. आठवते का तुले?"

सांगायचं ते खरं इथे आहे. टिक वगैरे रागाच्या भरात झालं म्हणता येईल, मी स्वतःला वर्षानुवर्षं तसंच म्हणत आले. पण पासवर्ड मला आठवत होता. लहानपणी आम्ही दोघींनी पाळलेल्या शेळीचं नाव, पुढे माझं जन्मसाल. ते टाकलं असतं तर त्या काळी तेवढ्यानं झालं असतं. ती समोर बसली होती, तालमीची धूळ अजून पायावर. राग तर कधीच उतरला होता.

"नाई आठवत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही तेच. त्या आठवड्यात ती शेळीच्या रंगापासून आईच्या माहेरापर्यंत एकेक शब्द टाकून पाहायची आणि मला विचारायची, हा असन का, हा असन का. शेळीचं नावही टाकलं तिनं. जन्मसाल जोडायचं तिला सुचलं नाही. मी शेजारी बसून मदत करत होते. मदत! मला तेव्हाचा माझा चेहरा आठवला की चापट मारावीशी वाटते.

शेवटी बाबांच्या हातापाया पडून ती त्यांच्यासोबत वडशाला गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, "आम्ही किती निरोप टाकले. तू जबाब नाई देल्ला, मंग दुसरी पोरगी घेतली. तुम्हा पोरींच्या घरचे नाई म्हणतेत अन् तुमी आमाले लटकवता." येताना गाडीत बाबा म्हणाले, झालं का समाधान. त्या हंगामानंतर तिनं गावच्या नाटकातही पद म्हटलं नाही. पुढे सिंदेवाहीकडे दिली. माझंही झालं लग्न, बरं झालं.

तिची गाणी अजून आहेत. मी म्हटलं ना, खातं कुठे जात नाही. सगळ्यांना दिसतं, तिला मात्र आत जाता येत नाही. लोक खाली लिहितात, ताई नवीन पद कधी? उत्तर कोण देणार? परवा रंजूनं नवऱ्याच्या मोबाईलवरून, नवऱ्याच्या नावानं, आपल्याच गाण्याखाली लिहिलं, "हे गाणं माझं आहे." त्याखाली कुणीतरी विचारलं, कशावरून? आणखी कुणी तरी हसण्याचं चित्र टाकलं.

मग तिचा मला फोन आला. "बाई, माही पोरगी म्हणते, आई, तू खोटी बोलते. तुया क्लासात काही उपाय असन तं पाह्य न."

दुपारी पोरी गेल्यावर मी क्लासातल्या कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडायला बसले. शेळीचं नाव लिहिलं, जन्मसाल लिहिलं. साइटनं ते घेतलं, आणि आता नव्या नियमानं जुन्या नंबरावरचा आकडा मागितला. तो नंबर आज कुणाकडे आहे, देव जाणे.

पण पासवर्ड बरोबर होता. रंजूला मी फोन करून सांगितलं की पाहिलं, काही होत नाही. ती म्हणाली, "राहू दे बाई, तू तं केलीच कोशिश."