पुसट चेहऱ्याचे डोळे

कॉलेज अर्धवट सोडून मी लकडगंजातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागले, ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस होते. स्टुडिओच्या मालकांना मी काका म्हणत असे. त्यांनी मला दोन कामं दिली. एक रिटचिंगचं, म्हणजे फोटोतले डाग, सुरकुत्या, पुसटपणा पेन्सिलीने आणि बारीक ब्रशने दुरुस्त करायचा. दुसरं काम जुन्या निगेटिव्हचं. खोक्यांमध्ये हजारो पाकिटं होती आणि पाकिटावर फक्त ज्याच्या नावाने बिल फाडलं त्याचं नाव. पाच वर्षांनी कोणी बहिणीच्या लग्नाचा फोटो मागायला आलं, की बिल मामाच्या नावाने होतं की चुलत्याच्या, हे कोणालाच आठवायचं नाही.

"नाव लिहू नको," काका म्हणाले. "जे दिसते ते लिही. शोधणाऱ्याले काय आठवंल, त्याचा विचार कर."

मग मी एकेक निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवायची आणि पाकिटावर लिहायची: मांडव, मागे बैलगाडी. म्हातारा, कुबडी, हातात छत्री. निगेटिव्हमध्ये काळे चेहरे आणि पांढरी बुबुळं दिसतात. दिवसभर तशीच माणसं पाहून संध्याकाळी रस्त्यावरची माणसंच मला उलटी वाटायची.

मी लागल्याला वर्ष झालं असेल. एका दुपारी उमरेडहून एक विणकर आणि त्याची बायको आली. त्यांची सोळा वर्षांची मुलगी बाजारातून हरवली होती. अकरा महिने झाले होते.

"पोलीस म्हणते फोटो आणा, पेपरवाला बी म्हणते फोटो आणा," बाई म्हणाली. "आमी गरिबानं फोटो कवा काढला, बाई?"

शेजारच्या लग्नात आमच्या स्टुडिओचा माणूस आला होता आणि मुलगी तिथे होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. बिल कोणाच्या नावाने, ते माहीत नव्हतं. मी विचारलं, मांडव कुठे होता, मागे काय होतं. नवरा म्हणाला, भिंतीला मागाचा जुना तुटका सांगाडा टेकवून ठेवला होता. मी तसं एक पाकीट लिहिलेलं मला आठवत होतं. अर्ध्या तासात ते सापडलं.

वऱ्हाडाचा मोठा फोटो होता. बाईने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि तिसऱ्या रांगेत बोट ठेवलं. दोन खांद्यांच्या मधे एक चेहरा होता. फोटो निघताना मुलगी हलली होती, त्यामुळे चेहरा पुसून गेल्यासारखा झाला होता. पुढच्या बाईच्या खांद्यावर तिचा हात मात्र स्पष्ट होता. बोटाला चिंधी बांधलेली.

"मागावर बोट कापलं होतं तिचं," आई म्हणाली. "चिंधी मीच बांधली."

काकांनी तेवढाच भाग मोठा करून छापला. त्यात दोन खड्डे दिसत होते, आणि खाली तोंडाच्या जागी एक सावली. पेपरात फोटो जाळीच्या ठिपक्यांतून छापला जातो, पुसट चेहऱ्याचा तिथे काळा गोळा होतो. काका मला म्हणाले, "डोळे, नाक, ओठ नीट उठवून काढ. नाहीतर कोणी ओळखणार नाही."

मी आईला समोर बसवलं. "डोळे कसे होते?"

"डोळ्यासारके डोळे. काय सांगू."

"मोठे? लांबट?"

रोज पाहिलेला चेहरा सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी खड्ड्यांवर पेन्सिल टेकवली. हात आपोआप चालला. ते डोळे कोणाचे, मला माहीत नाही. माझ्या ओळखीतल्या कोणाचे नव्हते. डाव्या डोळ्याखाली पेन्सिल घसरली आणि एक बारीक तिरपी रेघ उमटली. ती खोडायला गेले तर कागद खरवडला असता, म्हणून राहू दिली.

आईने फोटो हातात घेतला. खूप वेळ पाहिला. नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हेच होय माही पोरगी."

फोटो पेपरात आला. महिनाभराने ती दोघं पुन्हा स्टुडिओत आली, पेढे घेऊन. मुलगी सापडली होती, खापरखेड्याच्या वसाहतीत भांडी घासत होती. ती त्यांच्या मागे उभी होती. काकांनी तिला पुढे बोलावलं, ती उजेडात आली आणि माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. मी काढलेला चेहरा माझ्यासमोर उभा होता. तेच लांबट डोळे. डाव्या डोळ्याखाली बारीक तिरपा व्रण.

मी स्वतःला समजावलं, की आईशी बोलता बोलता काहीतरी हाताला कळलं असेल. काका खूश होते. त्यांनी गिऱ्हाइकांना ही गोष्ट कितीदा सांगितली असेल.

पावसाळा सरताना मी एक वेगळंच खोकं काढलं. त्यात एक पाकीट कोणा अनोळखी नावाने होतं. निगेटिव्ह पेटीवर ठेवली आणि मला तो मागाचा सांगाडा दिसला. तेच लग्न, फक्त बिल नवरीकडच्या लोकांच्या नावाने. या फोटोत बायका पंगतीत वाढत होत्या. एका मुलीच्या हातात पाण्याची घागर होती, बोटाला चिंधी. चेहरा अगदी स्वच्छ आला होता. मी छापून पाहिला. रुंद चेहरा, बारके डोळे, हसताना पुढच्या दोन दातांत फट. डोळ्याखाली काही नाही.

मी फोटो काकांसमोर ठेवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, मग उलटा करून टेबलावर ठेवला. "जाऊ दे," म्हणाले. "घर सावरलं आहे त्याहीचं."

मला ते जमलं नाही. रविवारी मी उमरेडच्या बसमध्ये बसले. घरी बाप माग चालवत होता, ठक ठक आवाज चालू होता. मुलगी ओसरीवर सुताच्या कांड्या भरत होती. मला पाहून हसली. आई मला मागच्या अंगणात घेऊन गेली. मी पिशवीतून फोटो काढून दिला.

तिने पदराने हात पुसून तो घेतला. दातांच्या फटीवरून अंगठा फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"मले माहीत होतं," ती हळू म्हणाली. "तुमी चित्र काढलं तवाच. ते माह्या पोरीचं नव्हतं."

"मग तेव्हा हो का म्हणालात?"

"तुमी इतकी मेहनत केली. अन् ह्याहीचं तोंड पाहवत नव्हतं." ती मागाच्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिली. "मग हे पोरगी आली. दारात उभी राहून मले माय म्हणलं तिनं. मी काय करू, बाई? परत पाठवू?"

"आणि तुमची मुलगी?"

"तिची वाट पाहून राहिलो ना. दोघीले जागा आहे घरात." तिने फोटो मला परत दिला. "हा तुमच्यापाशी ठेवा. तिच्या बापानं पाहिला तर तो हिले पाहू शकणार नाही."

मी निघाले तेव्हा मुलगी बसपर्यंत पोचवायला आली. रस्त्यात मी तिला विचारलं, तुला तुझ्या आधीच्या घरचं काही आठवतं का. ती म्हणाली, लहानपणापासून ती एका घरून दुसऱ्या घरी कामाला जात होती. आईबाप आठवत नव्हते.

"मले कोणी शोधत नव्हतं," ती म्हणाली. "एका दिवशी मालकिणीनं पेपरात मिरच्या बांधून आणल्या. मी पुडी सोडली तर आत माहा फोटो. तवा समजलं का कोणीतरी मले शोधून राहिलं. मी तसाच तो कागद घेतला अन् पत्ता विचारत आली."

"हा व्रण कसा झाला?"

तिने डोळ्याखाली बोट लावलं.

"ते काई आठवत नाही. पयले नव्हता, असं मालकीण म्हणे. पण फोटोत आहे ना, ताई. म्हणजे असंलच."

बस आली. मी खिडकीजवळ बसले. ती खाली उभी होती, ऊन तिच्या तोंडावर होतं, तरी तिने डोळे बारीकही केले नव्हते.

मी त्या स्टुडिओत आणखी आठ वर्षं होते. पण त्यानंतर कोणाचा पुसट चेहरा आला, तर मी तो पुसटच ठेवला. काका रागवायचे. मी सांगायची, हात चालत नाही.