मशीनगनला हळदकुंकू

लिलावघरात नोकरी करा, किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही! लोक घरं रिकामी करतात, सामान आमच्याकडे येतं आणि सामानाबरोबर त्यांची लाजलज्जाही. आयर्लंडमधल्या किलकेनीत मी सहा वर्षं हेच बघतेय. पण या ऑक्टोबरातल्या मशीनगनने मात्र माझं डोकं उठवलं.

गन आली एका जुन्या बड्या घरातून. तिपाईवरची, पाण्याच्या जाड नळकांड्याची विकर्स. नळी कायमची बंद केलेली, कागदपत्रं रीतसर. विकणाऱ्याचे पणजोबा हिंदुस्थानात गोऱ्यांच्या फौजेत अफसर होते म्हणे. "आम्ही तिच्यावर ओले कोट वाळवायचो," तो कौतुकाने सांगत होता. वा! काय पण कौतुक!

आमचा बॉस डेक्लन कॅटलॉगचा मजकूर सांगायला लागला. "लिही, पूर्वेकडे सेवा बजावली."

"कुणाची सेवा?" मी विचारलं.

"ते नको. गिऱ्हाईक बिचकतं."

म्हणजे इतिहास हवा, पण धुऊन, इस्त्री करून!

साफसफाई करणारी ब्रीजी गनला हात लावेना. "इंग्रजांची असली गन आमच्या रस्त्यावर आली की माझी पणजी पोरांना प्रेसमध्ये कोंबायची," म्हणाली. प्रेस म्हणजे इथलं कपाट.

"शंभर वर्षं झाली, ब्रीजी!" डेक्लन म्हणाला.

"मग तूच पूस की!"

त्याने कसली पुसली? मीच पुसली.

तेव्हा माझे बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. फौजेतले रिटायर्ड हवालदार. मोबाइलवर गनचा फोटो बघितला आणि ताट बाजूला सारलं. "एकाहत्तरला माझ्याकडं असलीच हुती." मग एकच धोशा, कोण घेणार? म्हटलं, दोघं इच्छुक आहेत. एक म्युझियम आणि एक पबवाला, त्याला बारशेजारी सेल्फीसाठी हवीय. बाबा भडकलेच!

"गुत्त्यात? पिऊन हिच्याशी खेळणार लोकं? म्युझियमलाच जाऊ दे पोरी, एवढं कर."

मी काय करणार, कपाळ! स्टाफला बोली लावता येत नाही. पण म्युझियमच्या बाईंनी ठरलेला अंदाजे भाव द्यायची तयारी ठेवली होती, म्हणून मी बाबांना म्हटलं, "काळजी करू नका."

लिलावाच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. बाबा म्हणाले, एकदा दाखव तरी. मी घेऊन गेले. मला फोन आला म्हणून पाच मिनिटं बाजूला झाले, तेवढ्यात बाबांनी खिशातली पुडी काढून गनला हळदकुंकू लावलं! वर सुपरमार्केटातलं पिवळं फूल. बूट काढून, हात जोडून उभे.

डेक्लन धावत आला. म्हटलं, गेली नोकरी! पण त्याने बाबांबद्दल सगळं विचारून घेतलं आणि मेल्याचे डोळे चमकले.

"पुसू नकोस! चिठ्ठी लाव, भारतीय सैनिकाने स्वतः पूजलेली. आणि उद्या डॅडींना पुढच्या खुर्चीत बसव."

बाबांना वाटलं, मान दिला. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही, चिठ्ठी मीच टाइप केली.

दुसऱ्या दिवशी बोली सुरू झाली ती थेट त्या चिठ्ठीवरून. डेक्लनने बाबांकडे हात केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि भाव असा चढला की म्युझियमच्या बाई तिसऱ्या बोलीलाच मान हलवून खाली बसल्या. गन पबवाल्याला गेली. बाबांच्या पूजेनेच घात केला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

पबवाला खुशीत आला आणि बाबांचा हात गदागदा हलवायला लागला. "ग्रँड मशीन! विचार ना डॅडींना, त्यांनी असल्या गनने किती उडवले?"

मी विचारलं. बाबांनी हात सोडवून घेतला.

"एक," म्हणाले. "आमचाच."

"काय म्हणाले डॅडी?" पबवाल्याने मला विचारलं.

"भरपूर," मी म्हणाले.