एल्वाची कडी

आमच्या भागात कुणी काही नवं जोडलं की ते यंत्रांच्या जत्रेत मांडायचं आणि शेजाऱ्यांना खुशाल नक्कल करू द्यायची, हीच रीत. पेटंट म्हणजे सिडनीवाल्यांचे चोचले, असं आम्हीच म्हणायचो. भोगा आता.

क्लेम रज माझा शेजारी. दोन हजार मेंढ्या, एक म्हातारं कुत्रं आणि बोलायचा कंटाळा. संधिवातानं त्याच्या बायकोची, एल्वाची, बोटं आखडली. तेव्हा काखेत कोकरू असतानाही कमरेच्या धक्क्यानं उघडेल अशी फाटकाची कडी तिनं शोधून काढली. डोकं तिचं, वेल्डिंग क्लेमचं. ती लाजत होती, तरी कडी जत्रेत गेली. पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली, पेपरात फोटो आला. पुढच्याच महिन्यात तिला कॅन्सर निघाला.

वर्षभर क्लेमनं तिचं सगळं केलं. ती गेली, आणि महिन्याभरात एका कंपनीची हुबेहूब तशीच कडी दुकानात आली. मग क्लेमनं पेटंटचा अर्ज केला. पैशाचं त्याला काही नव्हतं. ‘शोध कोणाचा’ या रकान्यात तिचं नाव लागावं, एवढंच. पण वस्तू चारचौघांत दाखवल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायला हवा होता. झाले होते चौदा महिने. नामंजूर!

यंदा हा कायदा सुधारायला सरकारी समिती गावोगाव फिरली. आमच्या हॉलमध्येही आली. ‘आधी जत्रेत मांडली ही आमची चूक झाली, पण मुदत दोन वर्षं करा,’ हे क्लेमनं सांगायचं ठरलं. मी त्याच्याकडून चार वेळा घोकून घेतलं.

कंपन्यांची वकीलबाई आधी उठली. "मुदत वाढवली तर कारखान्यांनी किती वर्षं जीव मुठीत धरून बसायचं? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, हे माझं!"

"त्याचंच आहे ते, बाई!" मागून आमच्या गावचा डॅरिल ओरडला. हॉल हसला.

बाईंनी उदाहरण म्हणून पडद्यावर पेपरचं कात्रण दाखवलं. "ही तारीख बघा. वर्ष इथून मोजायचं."

आम्ही तारीख कसली बघतोय! पडद्यावर एल्वा होती. काखेत कोकरू, कंबर कडीला टेकलेली, तोंडभर हसू.

क्लेमचं नाव पुकारलं. तो उठला, पडद्याकडे बघत राहिला. "फोटो जरा राहू द्या," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

बाहेर मी त्याच्यावर भडकले. "अरे, चार वाक्यं बोलायला काय जीव जात होता तुझा?"

"बोलायचं म्हणजे कबूल करायचं ना, की कडी जत्रेत मांडली हे चुकलं," तो म्हणाला. "त्यानंतर ती तशी कधी हसली नाही गं. तो दिवस चुकीचा होता, असं कसं म्हणू?"

मला रडू आवरेना. मुदत एक वर्षच राहिली.

एल्वा नको नको म्हणत असताना जत्रेचा फॉर्म मी भरला होता. क्लेमला ते ठाऊक आहे. त्यानं आजवर एका शब्दानं बोलून दाखवलेलं नाही.