शुक्राचे आठ दिवस

अंबरनाथच्या कारखान्यात क्वार्टर एकच रिकामं होतं आणि लग्न ठरलेले कामगार दोन, मी आणि माझ्या पाळीतला एक जोडीदार. साहेबांनी सांगून टाकलं, "ज्याचं लग्न आधी, त्याला." मी तेव्हा उल्हासनगर कॅम्पच्या बरॅकीत, गोणपाटाच्या आडोशामागे राहत होतो. तिथे बायको आणायची कल्पनाच घाम फोडायची.

आणि नेमका शुक्राचा अस्त लागला. बदलापूरला सासरेबुवांच्या ओसरीवर गुरुजींनी पंचांग मिटलं. "तारा उगवेपर्यंत मुहूर्त नाही. दोन महिने तरी थांबा."

आता गप्प बसावं ना? पण मी कारखान्याच्या वाचनालयात माया लोकांवरचा एक लेख चाळला होता. ते अमेरिकेतले जुने लोक शुक्राचा काटेकोर हिशेब ठेवत.

"दोन महिने कसले? आठ दिवस!" मी म्हणालो. अक्षतांच्या ताटातून तीन दाणे पाटावर मांडले, खाली उदबत्तीची काडी आडवी ठेवली. "दाणा म्हणजे एक, काडी म्हणजे पाच. हे त्यांचे आठ. एवढेच दिवस शुक्र लपतो, मग पहाटे पूर्वेला हजर!"

सासरेबुवांना सायन्सचं भारी कौतुक. "ठरलं तर. जावईबापू, तुम्ही इथेच राहा आणि आम्हाला तारा दाखवा. दिसला की बार उडवू."

रजा टाकून मी अडकलो. परसात जायचं तरी मेहुणा सोबत.

लेखात आकडे दोन होते, हे तिसऱ्या रात्री आठवलं. संध्याकाळचा शुक्र मावळला तर आठ दिवस. सकाळचा मावळला तर नव्वद. मी सोयीचा तेवढा उचलला होता. हा कुठला मावळलाय, हे विचारायची छाती नव्हती.

नवव्या पहाटे सगळी आळी उल्हास नदीच्या काठी. पूर्व लख्ख उजळली. शुक्र नाही.

"ढगही नाही हो," सासरेबुवा म्हणाले, "नाहीतर तुमची सोय झाली असती."

गुरुजींनी शांतपणे उपरणं झटकलं. "सकाळचा मावळलाय तो. आता उगवेल तो संध्याकाळी, पश्चिमेला. तुम्ही सगळ्यांना उलटं उभं केलंत."

पाळीतल्या त्या जोडीदाराच्या गुरुजींनी अस्ताच्या आदल्याच दिवशीचा मुहूर्त धरून त्याचं लग्न उरकून दिलं होतं म्हणे. क्वार्टर त्याला गेलं.

आमचं लग्न शुक्र पश्चिमेला दिसल्यावरच लागलं, आणि वरात बरॅकीत आली. पहिल्याच संध्याकाळी मी लेखातले दोन आकडे कबूल केले, तशी बायको अगदी कानाशी कुजबुजली, "तेवढं नव्वद नीट वाचलं असतंत तर..."

गोणपाटापलीकडून शेजारच्या सिंधी काकांचा आवाज आला, "भाभी, ज़रा ज़ोर से! नब्बे क्या?"